खासदार-आमदारांचा वेळ: सभागृहात किती, मतदारसंघात किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“निवडून गेल्यावर पुन्हा तोंड दाखवले नाही” ही एक तक्रार आणि “सभागृहात कधी तोंड उघडले नाही” ही दुसरी. दोन्ही तक्रारी एकाच लोकप्रतिनिधीबद्दल, पुष्कळदा एकाच मतदाराच्या तोंडून ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य असते. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील खासदार व आमदार डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गोव्याचा व अन्य ठिकाणांचा उल्लेख जेथे खरोखर उपयोगी आहे तेथेच केला आहे.

मतदारसंघातील काम हे खासदाराचे किंवा आमदाराचे घटनात्मक कर्तव्य आहे का?

राज्यघटनेत तसा शब्द कोठेही नाही. कायदे करणे, अर्थसंकल्पाला मंजुरी देणे आणि सरकारला जाब विचारणे ही कामे संसदेकडे व विधिमंडळाकडे सोपवलेली आहेत आणि सदस्याचे अधिकारही सभागृहातील सदस्य म्हणूनच सांगितलेले आहेत. मतदारसंघातील काम हे प्रथेने, मतदारांच्या अपेक्षेने आणि पुढे आलेल्या शासकीय योजनांमुळे या पदाला चिकटले. तरीही ते दुय्यम मानणे मला योग्य वाटत नाही, कारण ज्याला तालुक्यातील पाणंद रस्त्याची किंवा ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदांची माहिती नाही, तो सभागृहात मंत्र्याला नेमका उपप्रश्न विचारू शकत नाही. मतदारसंघातून माहिती मिळते आणि सभागृहातून उत्तर मिळते. या दोहोंमधील वाट चालू राहते की बुजते, हाच या विषयातील कळीचा मुद्दा आहे.

वर्षातून किती दिवस सभागृहात बसावे लागते?

लोकांना वाटते त्यापेक्षा खूपच कमी. संसदेची साधारणतः तीन अधिवेशने होतात: जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन मध्ये सुमारे तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन एप्रिलपर्यंत चालणारे अर्थसंकल्पी अधिवेशन, जुलै-ऑगस्टमधील पावसाळी अधिवेशन आणि नोव्हेंबर-डिसेंबरमधील हिवाळी अधिवेशन. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, एवढीच अट घटनेच्या अनुच्छेद ८५ ने घातली आहे. वर्षाला किमान किती दिवस कामकाज व्हावे याबद्दल घटना काही सांगत नाही. पहिल्या लोकसभेच्या (१९५२ ते १९५७) ६७७ बैठका झाल्या होत्या. सतराव्या लोकसभेच्या (२०१९ ते २०२४) बैठका २७४ झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी ५५ दिवस. घटनेच्या कार्यपद्धतीचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी वर्षाला किमान १२० आणि राज्यसभेसाठी १०० बैठकांची शिफारस केली होती. ती अमलात आलेली नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाचे अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. नागपूरचे अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराचे फलित आहे. विदर्भाचे प्रश्न विदर्भाच्या भूमीवर ऐकले जावेत हा त्यामागील हेतू आणि डिसेंबरात विधानभवनाच्या दिशेने निघणारे मोर्चे पाहिले की तो हेतू लोकांच्या मनात अजून जिवंत आहे हे दिसते. या तिन्ही अधिवेशनांचे दिवस एकत्र केले तरी बहुतेक वर्षांत ते पन्नासच्या आत राहतात.

तेव्हा “अधिवेशनामुळे मतदारसंघाला वेळ देता आला नाही” हे कारण वर्षाच्या ३६५ दिवसांपुढे ठेवून पाहावे.

अधिवेशन चालू असताना खासदाराचा दिवस कसा जातो?

लोकसभेचे कामकाज सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होते. त्या दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, मात्र तासाभरात त्यांतील मोजकेच चर्चेला येतात. याशिवाय २३० अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. बारा वाजता शून्य प्रहर सुरू होतो. तातडीचा विषय मांडण्याची ही जागा असून त्यासाठी आधी सूचना द्यावी लागते व नावे सोडतीने निघतात. राज्यसभेत क्रम उलट आहे: तेथे ११ वाजता शून्य प्रहर आणि १२ वाजता प्रश्नोत्तरे. लोकसभेत दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर नियम ३७७ खालील निवेदने (इतर नियमांत न बसणारे, बहुधा मतदारसंघातील विषय), मग विधेयके किंवा मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवरील चर्चा, आणि ठरलेली वेळ संध्याकाळी सहापर्यंतची.

मात्र खासदाराचा दिवस यापेक्षा लांब असतो. सकाळी नऊच्या सुमारास निवासस्थानी मतदारसंघातून आलेली माणसे बसलेली असतात. कुणाला दिल्लीतील मोठ्या सरकारी रुग्णालयात रुग्णासाठी खाट हवी असते, कुणाला प्रेक्षक सज्जाचा पास हवा असतो, तर एखादे शिष्टमंडळ आपल्या स्थानकावर एक्स्प्रेस गाडीला थांबा मिळावा म्हणून निवेदन घेऊन आलेले असते. थांब्याचे ते निवेदन हातात घेऊन खासदार दुपारच्या सुट्टीत रेल्वेमंत्र्यांच्या संसदेतील दालनाबाहेर उभे राहतात. हे काम सभागृहाचे म्हणायचे की मतदारसंघाचे? ते दोन्हीचे आहे, आणि ज्या दिवशी मंत्री एकाच इमारतीत भेटतात तो दिवस मतदारसंघाच्याच उपयोगी पडतो. अधिवेशन चुकवून गावी कार्यक्रम करणारा खासदार ही संधीही गमावतो.

शुक्रवारी दुपारी सभागृह रिकामे का दिसते?

कारण संध्याकाळचे विमान गाठायचे असते. खासदारांना वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवासांची सवलत आहे, रेल्वेप्रवास मोफत आहे, आणि शनिवार-रविवारचे कार्यक्रम आधीच पत्रिकेत छापलेले असतात. दुर्दैव असे की शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशासकीय विधेयकांसाठी व ठरावांसाठी राखून ठेवलेले आहेत. मंत्री नसलेल्या सदस्याला स्वतःच्या अभ्यासातून, स्वतःच्या मतदारसंघाच्या अनुभवातून कायदा सुचवण्याची ती एकमेव हक्काची वेळ आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आणि १९७० नंतर एकही नाही. तरीही चांगले अशासकीय विधेयक सरकारला पुढे स्वतःचा कायदा आणायला भाग पाडू शकते, म्हणून त्या रिकाम्या बाकांचे मला वाईट वाटते.

मतदारसंघात लोकप्रतिनिधी नेमके काय करतात?

लग्न, साखरपुडा, दशक्रिया, सांत्वनभेट, भूमिपूजन, लोकार्पण, सप्ताहाची सांगता, कुस्त्यांचा फड, शाळेचे स्नेहसंमेलन आणि तालुक्याच्या कचेरीतील बैठका, हे सगळे त्यात येते. मे महिन्यातील दाट तिथीला आमदार दिवसात दहा-पंधरा मांडवांत जाऊन आलेले मी पाहिले आहेत. यातील बराच वेळ टाळता येण्यासारखा आहे असे बाहेरून म्हणणे सोपे असते. दुःखाच्या घरी जाऊन बसलेल्या माणसाला त्या घरातील कर्जाची, थकलेल्या पीकविम्याची, रखडलेल्या वारसनोंदीची हकिगत न विचारता कळते, ही त्या भेटीची दुसरी बाजू आहे.

खरे काम मात्र संपर्क कार्यालयात चालते. विदर्भातील एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी एक सकाळ बसून काढली होती. साडेआठ वाजता प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. एका आजीबाईंच्या पिशवीतून सातबारा, आधार कार्ड आणि घडी घालून घालून फाटायला आलेले डॉक्टरांचे अंदाजपत्रक निघाले. मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीला पत्र हवे होते. त्यांच्यामागे तीन शेतकरी उभे होते. डीपी (विजेचे रोहित्र) जळून अकरा दिवस झाले होते, हरभरा पाण्यावाचून माना टाकत होता आणि वीज कंपनीच्या कार्यालयात “ऑइल नाही” एवढेच उत्तर मिळत होते. स्वीय सहायकांनी फोन लावला, मग पत्र टंकलिखित केले, आवक-जावक वहीत क्रमांक टाकला आणि पत्राची प्रत शेतकऱ्यांच्या हातात दिली. सव्वाअकरापर्यंत डीपीच्या आणखी चार तक्रारी वेगवेगळ्या गावांतून आल्या. प्रत्येकाला वेगळे पत्र मिळाले.

ही पाच पत्रे पाच गावांचे काम कदाचित करून देतील. पण त्याच पाच तक्रारी एकत्र ठेवून “या तालुक्यात गेल्या वर्षभरात किती रोहित्रे नादुरुस्त झाली, त्यांपैकी किती विहित मुदतीत बदलली गेली, ऑइलचा साठा का नव्हता आणि जबाबदारी कोणावर निश्चित केली” असा तारांकित प्रश्न विचारला, तर ऊर्जामंत्र्यांना उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापील राहते. अर्जाचा प्रश्न करण्याचे हे कसब ज्या कार्यालयात आहे, तेथे मतदारसंघात घालवलेला वेळ सभागृहात कामी येतो. बहुतेक कार्यालयांत ते नाही, कारण पत्र देणारे मनुष्यबळ असते, पण शंभर अर्ज वाचून त्यांतील समान धागा काढणारा माणूस नसतो.

आमदार अधिवेशनातही नाहीत आणि गावातही नाहीत, मग असतात कोठे?

पुष्कळदा मंत्रालयात. मंत्रिमंडळाची बैठक असलेल्या दिवशी मंत्री मुंबईत सापडतात, म्हणून राज्यभरातील आमदार त्या दिवशी मंत्रालयाच्या मजल्यांवर फायली घेऊन फिरताना दिसतात: रस्त्याच्या कामाची प्रशासकीय मान्यता, उपसा सिंचन योजनेची सुधारित मान्यता, एखाद्या अधिकाऱ्याची बदली. सभागृह आणि मतदारसंघ या दोहोंच्या हिशेबात न धरले जाणारे हे तिसरे ठिकाण आमदाराचा मोठा वेळ खाते. सातारा किंवा लातूरहून रात्रीच्या प्रवासाने येऊन, दिवसभर दालनांबाहेर थांबून, पुन्हा रात्री परतणे हा अनेकांचा नित्यक्रम आहे. निर्णयाचे अधिकार जिल्ह्यात आणि स्थानिक संस्थांत उतरले असते, तर या फेऱ्यांची गरजच निम्म्याने घटली असती असे माझे मत आहे.

गटार, नळ आणि दाखले यांसाठी आमदारांकडे जाणे योग्य आहे का?

तत्त्वतः ही कामे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांची आहेत. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा त्या देशात नावाजल्या गेल्या. पुढे ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना घटनात्मक आधार दिला आणि दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. प्रत्यक्षात २०२२ पासून पुढे राज्यातील बहुतेक महानगरपालिका व जिल्हा परिषदा निवडणुकीविना, प्रशासकांच्या हाती कित्येक वर्षे राहिल्या. मुंबई महानगरपालिकेचाही त्यात समावेश होता. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही, अशा वेळी तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन माणूस आमदाराच्या दारात जाणार नाही तर कोठे जाणार? या काळात आमदारांच्या कार्यालयांवरील भार वाढला आणि त्याचबरोबर गल्लीतील प्रत्येक कामावर आमदारांचे नाव लागण्याची सवयही वाढली. ही सवय आता मोडणे कठीण जाईल.

दाखल्यांसाठी मात्र कोणाच्याही शिफारसपत्राची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार उत्पन्न, रहिवास, जात इत्यादी दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि मुदत टळल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील व त्यापुढे आयोग अशी व्यवस्था आहे.

एका लोकप्रतिनिधीच्या वाट्याला किती लोक येतात?

महाराष्ट्रात ४८ लोकसभा मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात सहा विधानसभा मतदारसंघ, म्हणून विधानसभेच्या जागा २८८. २०२४ मधील मतदारसंख्या पाहता एका खासदाराच्या वाट्याला सरासरी १९ लाखांच्या आसपास आणि एका आमदाराच्या वाट्याला तीन लाखांहून अधिक मतदार येतात. लोकसंख्या वाढली तरी जागा वाढल्या नाहीत, कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभा जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आणि पुढे २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.

संख्येइतकेच अंतरही मोजले पाहिजे. गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ गोंदिया जिल्ह्यातील आमगावपासून चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर व ब्रह्मपुरी घेत थेट गोदावरीकाठच्या सिरोंचापर्यंत पसरला आहे. एकट्या गडचिरोली शहरातून सिरोंचाला जायचे तर सुमारे २०० किलोमीटर जंगलातील रस्ता आहे आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गावे तुटतात. तेथील खासदाराला एका दिवसात दोन सभा घेणे जमले तरी पुष्कळ. दक्षिण मुंबईचा खासदार मतदारसंघाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तासाभरात पोहोचतो. दोघांना तोच भत्ता आणि तेवढाच निधी.

गोव्यात चित्र अगदी निराळे आहे. तेथील विधानसभेच्या ४० मतदारसंघांत सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार असतात आणि पर्वरीच्या विधानभवनातून निघालेला आमदार संध्याकाळी आपल्या गावात पोहोचलेला असतो. तेथे “आमदार भेटत नाहीत” ही तक्रार वेगळ्या अर्थाने करावी लागते.

सभागृहात गैरहजर राहिल्यास काय होते?

अनुच्छेद १०१(४) नुसार सभागृहाच्या परवानगीशिवाय सलग ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिलेल्या खासदाराची जागा सभागृह रिक्त घोषित करू शकते. आमदारांसाठी अनुच्छेद १९० मध्ये तशीच तरतूद आहे. सभागृह चार दिवसांहून अधिक काळ तहकूब असेल तर ते दिवस या मोजणीत धरले जात नाहीत, त्यामुळे ही तरतूद क्वचितच लागू पडते. आर्थिक बाजू अशी की हजेरीपटावर नोंद केली तरच खासदाराला त्या दिवसाचा भत्ता मिळतो, आणि तो १ एप्रिल २०२३ पासून २,५०० रुपये आहे. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, म्हणून त्यांची हजेरी शोधत बसू नये. शिवाय सही करून सभागृहाबाहेर गेलेला सदस्यही हजरच दिसतो. लोकसभेत गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एक दशांश म्हणजे ५५ सदस्य लागतात, आणि तेवढ्यासाठीही अधूनमधून घंटा वाजवावी लागते.

समित्यांचे काम लोकांना का दिसत नाही?

कारण त्या बंद दाराआड चालतात, आणि तसे असणे त्यांच्या कामाच्या हिताचे आहे. संसदेत विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. अर्थसंकल्पी अधिवेशनातील मधल्या सुट्टीत या समित्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. त्या तीन आठवड्यांत “अधिवेशन नाही तरी खासदार दिल्लीतच” असतील, तर कारण बहुधा हे असते. तेथे कॅमेरा नसतो, पक्षादेशाचे (पक्षाने सांगितलेल्या बाजूनेच मत देण्याच्या सक्तीचे) दडपण कमी असते आणि सचिवाला समोर बसवून खोलात प्रश्न विचारता येतात.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत महिनाभर आधी फायली चाळल्या जातात, हे कोणताही ग्रामसेवक किंवा विस्तार अधिकारी सांगेल. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती यांचेही महत्त्व तेवढेच. अधिवेशन नसलेल्या दिवसांतील हे काम मतदारसंघातील हजेरीत मोजले जात नाही आणि सभागृहातील हजेरीतही नाही, म्हणून समितीत मन लावून काम करणाऱ्या सदस्याला मतदारांकडून श्रेय जवळजवळ मिळत नाही.

खासदार निधीमुळे वेळेच्या वाटणीवर काय परिणाम झाला?

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी जाहीर झाली. सुरुवातीला ५ लाख रुपये असलेली रक्कम २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी आहे. त्यातील किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायची असते. कामे खासदार सुचवतात, मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासन करते. आमदारांसाठीही राज्याचा स्वतंत्र निधी आहे. सभामंडप, वर्गखोल्या, काँक्रीटचे रस्ते, हायमास्ट दिवे अशी कामे यातून झाली हे खरे. पण या निधीने लोकप्रतिनिधीला सरकारी खर्चाचा तपासनीस असण्याबरोबरच खर्च वाटणारा केले आणि भूमिपूजनाच्या कार्यक्रमांची रांग लागली. सहा विधानसभा मतदारसंघांत ५ कोटी विभागले की एका गावाच्या वाट्याला काय येते, हा हिशेब सोपा आहे. त्याच खासदाराने ‘दिशा’ समितीच्या, म्हणजे केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हास्तरीय समितीच्या बैठका दर तीन महिन्यांनी नीट घेतल्या, तर त्याच्या निधीच्या कित्येक पट रकमेवर नजर ठेवता येते. त्या बैठकीला पाटी लागत नाही, एवढाच तिचा तोटा.

शिफारसीचा एक मोठा ताप मात्र कमी झाला आहे. केंद्रीय विद्यालयातील प्रवेशासाठी प्रत्येक खासदाराला १० विद्यार्थ्यांची शिफारस करता येत असे. २०२२ मध्ये तो कोटा रद्द झाला.

राज्यसभेचे खासदार आणि विधान परिषदेचे आमदार यांना मतदारसंघ असतो का?

राज्यसभेच्या सदस्याला संपूर्ण राज्य असते, म्हणून व्यवहारात कोणीच हक्क सांगत नाही. महाराष्ट्राचे असे १९ सदस्य आहेत. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधर व सात शिक्षक मतदारसंघांतील आमदारांना निश्चित मतदार आहेत, मात्र एकेक मतदारसंघ अनेक जिल्ह्यांचा. नामनियुक्त सदस्याला तर देशभरात कोठेही काम सुचवता येते: सचिन तेंडुलकर यांनी राज्यसभेत असताना खासदाराने एखादे गाव विकासासाठी निवडायच्या सांसद आदर्श ग्राम योजनेत आंध्र प्रदेशातील एक गाव आणि पुढे धाराशिव जिल्ह्यातील डोंजा हे गाव निवडले होते.

सभागृहात जास्त वेळ देणारे पुढच्या निवडणुकीत पडतात, हे खरे आहे का?

हा नियम नाही, पण भीती खरी आहे. राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ मध्ये निधन होईपर्यंत निवडून येत राहिले, आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१ ते १९९१ या काळात सलग पाच वेळा. दोघांची ख्याती मुळात संसदपटू म्हणून. कोकणातला माणूस मनीऑर्डरवर जगत होता, रेल्वे नव्हती, घरटी एक माणूस मुंबईला. अशा मतदारसंघाने भाषणांचा अभिमान बाळगला याचे कारण त्या भाषणांत त्यांना स्वतःची अडचण ऐकू येत होती. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर गादी आली, ती केवळ कोकणासाठी नव्हती. पुढे १९९० मध्ये ते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. आणि १९९१ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. सभागृहातील कामाचे फळ निवडणुकीच्या वेळापत्रकाप्रमाणे पिकत नाही, याची ही नोंद प्रत्येक मतदाराने लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहेत. १९६२ पासून पुढे ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, मधे दोनदा हरले, आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. दुष्काळी तालुक्याचे पाणी हा त्यांचा विषय होता व तो त्यांनी मतदारसंघात आणि विधानसभेत एकाच भाषेत मांडला.

तिसरे उदाहरण वि. स. पागे यांचे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी मांडलेल्या कल्पनेचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला: मागेल त्याला काम आणि कामाचे दाम. १९७२ च्या दुष्काळात ती राज्याची रोजगार हमी योजना बनली, तिच्यासाठी व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. एका तालुक्यातील मजुराची गरज सभागृहात पोहोचून कायदा झाली की तिचा लाभ त्या तालुक्यापुरता राहत नाही.

मग आजचे लोकप्रतिनिधी सभागृहाला कमी महत्त्व का देतात?

एक कारण पक्षादेश. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ लागले. पक्षांतर रोखण्यासाठी ती आवश्यक होती, परंतु विधेयकावर आपले मत काय हे आधीच ठरलेले असेल तर अभ्यास करण्याची ओढ कमी होते. दुसरे कारण गोंधळ: बारा वाजेपर्यंत तहकुबी, दोन वाजेपर्यंत तहकुबी, मग दिवसभरासाठी तहकुबी. कित्येक दिवस तयारी करून सोडतीत निघालेला प्रश्न असा वाहून गेला की सदस्य खचतो. तिसरे कारण मतदारांकडेही येते, कारण आपण मांडवातली अनुपस्थिती लक्षात ठेवतो आणि सभागृहातली विसरतो.

बैठकांचे दिवस वाढवले तर मतदारसंघाकडे दुर्लक्ष होणार नाही का?

वर्षाला १२० बैठका झाल्या तरी २४५ दिवस उरतात. खरी गरज आहे ती वर्षाच्या सुरुवातीला अधिवेशनांच्या तारखा निश्चित होण्याची. तारखा ऐनवेळी कळतात, त्यामुळे ना गावातील कार्यक्रम नीट आखता येतात, ना प्रश्नांची तयारी होते.

माझी तक्रार सभागृहापर्यंत जावी यासाठी मी काय करावे?

निवेदन एका पानाचे असावे. त्यात गाव, तालुका, संबंधित कार्यालय, यापूर्वी केलेल्या अर्जाचा आवक क्रमांक व दिनांक लिहावा आणि शेवटी “या विषयावर विधानसभेत तारांकित प्रश्न अथवा लक्षवेधी सूचना मांडावी” अशी स्पष्ट मागणी करावी (लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून निवेदन मागणारी सूचना). केंद्राचा विषय असेल, जसे रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, भविष्य निर्वाह निधी, तर ते खासदारांना द्यावे. लोकसभेत प्रश्नासाठी किमान १५ दिवसांची सूचना लागते आणि विधिमंडळातही प्रश्न कित्येक दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन नेणे उशिराचे ठरते. शेजारच्या गावांत तीच अडचण असेल तर निवेदने एकत्र द्यावीत, कारण एका डीपीसाठी फोन होतो, पण पंधरा डीपींसाठी प्रश्न विचारता येतो.

निवेदनाची पोच घ्यावी. अधिवेशनानंतर स्वीय सहायकांना प्रश्न क्रमांक विचारावा. खासदारांनी लोकसभेत व राज्यसभेत विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे त्या त्या सभागृहाच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतात. उत्तरात मंत्र्यांनी “कार्यवाही करण्यात येईल” असे म्हटले असेल तर ते आश्वासन ठरते. लोकसभेत अशा आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते, आणि विधिमंडळातही त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे. त्या उत्तराची छापील प्रत काढून पुढच्या वेळी संबंधित कार्यालयात जाताना सोबत न्यावी.